नवीन कॉम्पॅक्ट पिस्तूल: घेताना काय पाहावे, नेमबाजीच्या रेंजवर काय तपासावे

बत्तीस बोरच्या पिस्तुलाची चौकशी करताना बरेच शेतकरी रानडुकरांचा विषय काढतात. त्यासाठी पिस्तूल घेऊ नका. आखूड नळीची गोळी डुकराला नुसती जखमी करते, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. स्वसंरक्षणासाठी हवे असेल तर पुढे वाचा.

आमच्या दुकानात येताना शस्त्राचा मूळ परवाना आणा, झेरॉक्स चालत नाही. पिस्तुलावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. मग मॅगझीन (मुठीत बसणारा काडतुसांचा कप्पा) काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, आणि स्लाइड दहा वेळा ओढून बघा. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. बोटांच्या चिमटीने ओढाल तर दमाल. स्लाइड पूर्ण पंजात धरून दुसऱ्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. तरीही जमत नसेल तर हे मॉडेल तुमच्यासाठी नाही, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काडतुसे घेताना घोटाळा होतो तो नावाचा. पिस्तूलही बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरही बत्तीस, पण काडतुसे वेगळी. पिस्तुलाच्या डब्यावर ७.६५ मिमी लिहिलेले असते. शेजाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरची उरलेली काडतुसे यात चालत नाहीत.

कारखान्यातून पिस्तूल ग्रीसमध्ये माखून येते. ते न पुसता रेंजवर नेले की स्लाइड सुस्त चालते आणि "नवीन पिस्तूल जाम होते" अशी तक्रार येते. नळी आतून कोरडी करा, स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब पुरे. जास्त तेलावर कापसाची धूळ बसते.

चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच घ्या, शेतात किंवा नाल्यात नको. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, आणि गळ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळा. बार झाल्यावर बाहेर उडणारी काडतुसाची तापलेली रिकामी केस (नळकांडी) कॉलरमधून आत पडली की माणूस पिस्तुलासकट वळतो. रेंजवर सगळ्यात धोक्याचा क्षण तो.

पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच राउंड (काडतूस) भरा, नंतर दोन. ट्रिगर एकदा दाबून दोन बार निघाले तर तिथेच थांबा आणि पिस्तूल रिकामे करून आमच्याकडे आणा. सगळे ठीक असेल तरच पूर्ण मॅगझीन भरा. ७ मीटरवरून सुरुवात करा, मग १०. एकूण पन्नास राउंड ठेवा, परवान्यावरचा कोटा बघून. दोन मॅगझीन असतील तर त्यांवर मार्करने १ आणि २ लिहा. अडचण एकाच मॅगझीनला येत असेल तर दोष पिस्तुलात नाही.

काय अडते? रिकामी केस स्लाइडमध्ये उभी अडकली तर बहुतेक वेळा मनगट ढिले असते. राउंड मॅगझीनमधून वर चेंबरमध्ये चढत नसेल तर मॅगझीन काढून पाहा. या काडतुसाच्या बुडाला बारीक कड असते. वरच्या राउंडची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. भरताना वरची कड नेहमी खालच्याच्या पुढे ठेवा. डावा अंगठा स्लाइडच्या मागे ठेवाल तर कातडे सोलून निघेल.

ट्रिगर दाबला आणि बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच राउंड काढा. आवाज नुसता "फुस्स" आला आणि झटका लागला नाही, तर पुढचा राउंड अजिबात झाडू नका. गोळी नळीतच असू शकते. तिच्या मागून दुसरी गेली की नळी फुटू शकते.

घरी आल्यावर त्याच दिवशी साफ करा. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडे ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. लग्नात, वरातीत हवेत बार काढल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तक्रार घेऊन याल तेव्हा पिस्तूल रिकामे करून, मॅगझीन वेगळे काढून आणा. सोबत अडकलेली केस, टार्गेटचा कागद आणि काडतुसांचा डबा असू द्या. डब्यावरचा लॉट नंबर आम्हाला लागतो.