कूलर बंद केला की बफर का कडकडतो?

घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना हेडफोन लावून 'सा' धरला आणि तोच 'सा' किंचित मागून कानात आला, की गाणारा बिचकतो. हीच लेटन्सी. लोक लगेच रॅम वाढवायला धावतात. दोष बहुतेक वेळा रॅमचा नसतो, बफरचा असतो.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, आवाजाचे सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने घेतो आणि कॉम्प्युटर ते गठ्ठ्याने उचलतो. हा गठ्ठा म्हणजेच बफर. 48,000 च्या दराने 1024 नमुन्यांचा गठ्ठा भरायलाच 21.3 मिलिसेकंद लागतात. आवाज बाहेर पाठवताना पुन्हा तेवढेच. झाले जवळपास 43, वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीचे थोडे. चाळीस अंशांच्या खोलीत आवाज मिलिसेकंदाला साधारण 35 सेंटीमीटर जातो, म्हणजे तबला पंधरा मीटर लांब ठेवून गाण्यासारखंच हे. बफर 128 केला तर दोन्ही फेऱ्या मिळून 5.3 मिलिसेकंद. तेवढं खपून जातं.

मग सरळ 32 का नाही? कारण गठ्ठा लहान झाला की प्रोसेसरला तो संपवायला वेळही तेवढाच कमी मिळतो. एकदा वेळ चुकली की आवाजात कडकड.

नागपूरच्या मे महिन्यात इथेच फसगत होते. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद करायचा. खोली तापते, लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. डिसेंबरात 128 वर सुरळीत चाललेलं सेटिंग मेमध्ये कडकडतं ते यामुळे. लॅपटॉप गादीवर नको, खालून हवा लागेल असा उचलून ठेवा. दोन टेकच्या मध्ये कूलर लावा, पण ओली हवा थेट मशीनवर सोडू नका. तरीही कडकड थांबली नाही तर 256 करा. वायफाय बंद करून पाहा, कारण त्याचा ड्रायव्हरही मध्येच प्रोसेसर अडवतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर टाका. एसिओफॉरऑल हा सगळ्यांसाठीचा सामायिक ड्रायव्हर फक्त तो मिळत नसेल तेव्हा. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारच नको, त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो.

गाण्यासाठी, हार्मोनियमसाठी मात्र बफरशी एवढं झगडायची गरज नाही. इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' चालू करा: माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता हेडफोनमध्ये जातो. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरलात तर आवाज दुहेरी ऐकू येईल. मग बफर खुशाल 512 ठेवा. कीबोर्डवर सॉफ्टवेअरचा पियानो वाजवायचा असेल तर ही सोय नाही. तिथे 128 च लागतो, आणि लिनिअर फेज ईक्यू किंवा लुकअहेड लिमिटरसारखे स्वतःच उशीर वाढवणारे प्लगइन तोवर बंद ठेवावे लागतात.

एक तपासणी बाकी राहते: रेकॉर्ड झालेला टेक नेमक्या जागी बसतो का. फँटम (माइकला मिळणारी वीज) आणि डायरेक्ट मॉनिटर दोन्ही बंद करून इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा. एका ट्रॅकवर 'टक्' असा आवाज ठेवून तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही झूम करून नमुन्यांत फरक मोजा. नवा 'टक्' 96 नमुने मागे असेल तर 48,000 च्या दराने तुमचा प्रत्येक टेक 2 मिलिसेकंद उशिरा बसतोय. हा आकडा सॉफ्टवेअरमधल्या रेकॉर्डिंग ऑफसेट या टेक मागेपुढे सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये भरा आणि केबल तशीच ठेवून पुन्हा एकदा मोजा, कारण अधिक-उणे चिन्ह उलटं पडलं तर फरक 192 होतो.