जिम्नॅस्टिक्समुळे उंची खुंटते का?

‘लहानपणी जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब केल्यास उंची खुंटते’ असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो. शंका स्वाभाविक आहे, कारण नामवंत जिम्नॅस्ट बहुधा ठेंगणेच दिसतात. परंतु लहान चणीच्या शरीराला हवेत गिरकी घेणे सोपे जाते, म्हणून तशी मुले या खेळात टिकतात आणि उंच मुले हळूहळू इतर खेळांकडे वळतात. उंची मुख्यतः आनुवंशिकता व आहार यांवर ठरते. पडताळ्यासाठी दर सहा महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजावी. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढ होते. ती ४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास, मूल खेळत असो वा नसो, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.