प्राचीन संस्कृती व यहुदी धर्म यांचे शालेय अध्यापन

साधारण ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना मेसोपोटेमिया, ईजिप्त, ग्रीस, रोम आदी प्राचीन संस्कृतींच्या ओघात यहुदी धर्माचा उगम आणि इतिहास शिकविण्याची शालेय पद्धत. ती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘मिडल स्कूल’मध्ये, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, रूढ आहे. इंग्लंडमध्ये सुमेर, ईजिप्त, ग्रीस हे विषय प्राथमिक वर्गांतच इतिहासात येतात आणि यहुदी धर्म ‘धर्मशिक्षण’ या वेगळ्या विषयात शिकविला जातो. अमेरिकेतील सरकारी शाळांत असा वेगळा विषय नसल्याने धर्माची ओळख इतिहासाच्या तासालाच करून द्यावी लागते.

या घटकाची खरी अडचण अशी, की सुमेरी किंवा ईजिप्शियन देवतांचे आज परंपरेने चालत आलेले उपासक नाहीत. यहुदी धर्म मात्र जिवंत आहे, आणि त्याच्या प्रारंभकाळाचे मुख्य लिखित साधन म्हणजे त्याचा धर्मग्रंथच होय. त्यामुळे बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या शिलास्तंभाबद्दल निःसंकोच बोलणारा शिक्षक, ईश्वराकडून कायदे मिळाल्याचे धर्मग्रंथात सांगितलेल्या मोशेपाशी येऊन अडखळतो.

कायदेशीर चौकट : पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका कायद्यानुसार सरकारी शाळांत रोज बायबलमधील किमान दहा वचने वाचली जात. ‘ॲबिंग्टन स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध शेंप’ या खटल्यात १७ जून १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. मात्र धर्मनिरपेक्ष शिक्षणक्रमाचा भाग म्हणून बायबलचा किंवा धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास करण्यास घटनेची आडकाठी नाही, असेही न्या. टॉम क्लार्क यांनी निकालपत्रात नमूद केले. धर्म शिकविणे वेगळे आणि धर्माविषयी शिकविणे वेगळे, हा पुढे सर्वत्र वापरला गेलेला भेद याच निकालावर आधारलेला आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ रिलिजन या संस्थेने २०१० मध्ये शाळांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वेही त्याच दिशेने जातात.

अभ्यासक्रमातील स्थान : कॅलिफोर्निया राज्याने १९९८ मध्ये स्वीकारलेली इतिहास-समाजशास्त्राची मानके नमुन्यादाखल पाहण्याजोगी आहेत. सहावीत पुराश्मयुग, मेसोपोटेमिया, ईजिप्त आणि कुश, प्राचीन हिब्रू (म्हणजे इस्राएली, यहुद्यांचे पूर्वज), ग्रीस, भारत, चीन आणि रोम असा क्रम आहे. हिब्रूंच्या घटकात एकेश्वरवाद, नीतिविचारांची साधने, निर्गमन (हिब्रूंचे ईजिप्तमधून बाहेर पडणे) आणि इ. स. ७० मध्ये जेरूसलेमचे दुसरे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतरची पांगापांग हे मुद्दे येतात. अब्राहाम, मोशे व दावीद यांच्या जोडीला नामी, रूथ आणि योहानान बेन झक्काई यांची नावे मानकात स्पष्टपणे दिलेली आहेत. यांतील शेवटचे नाव, म्हणजे मंदिर गेल्यानंतरच्या काळातील पंडिताचे, सर्वांत महत्त्वाचे असून वर्गात बहुधा तेच घाईत उरकले जाते.

राज्यातील २००५-०६ ची पाठ्यपुस्तक-छाननी हिंदू धर्मावरील मजकुराच्या वादाने गाजली व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. यहुदी धर्माच्या प्रकरणांवरही त्या वेळी दुरुस्त्या सुचविण्यात आल्या होत्या.

इस्राएलच्या उगमाचा प्रश्न : पाठ्यपुस्तकांत सर्वाधिक गोंधळ याच भागात आढळतो. निर्गमनाचा काळ ठरविण्याचे दोन पारंपरिक मार्ग आहेत. बायबलमधील ‘१ राजे’ या ग्रंथात (६:१) शलमोन राजाने मंदिर बांधायला घेतले ते निर्गमनानंतर ४८० व्या वर्षी, असे म्हटले आहे, त्यावरून इ. स. पू. १४४६ च्या आसपासचा काळ निघतो. उलट ‘निर्गम’ १:११ मध्ये रामसेस नावाच्या नगराचा उल्लेख असल्याने अनेक अभ्यासक इ. स. पू. तेराव्या शतकाकडे झुकतात. ४८० हा आकडा बारा पिढ्यांना प्रत्येकी चाळीस वर्षे धरून बसविलेला असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. ग्रंथाबाहेर या घटनेचा थेट पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे ‘परंपरेनुसार’ हा शब्द न गाळता वर्णन करणे आणि नकाशावरील प्रवासमार्ग तुटक रेषेने दाखविणे, एवढे पाठ्यपुस्तकाकडून अपेक्षित आहे.

इस्राएल हे नाव ग्रंथाबाहेर प्रथम निश्चितपणे दिसते ते ईजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात. फ्लिंडर्स पीट्री याने तो १८९६ मध्ये थीब्झ येथे शोधून काढला. लेखाचा काळ सामान्यतः इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचा मानतात. लेखाच्या शेवटच्या भागात अश्कलोन, गेझेर आणि यानोआम यांच्यानंतर इस्राएलचा नाश केल्याची बढाई आहे. पहिल्या तीन नावांना नगर-प्रदेशाचे निर्धारक चिन्ह (शब्द कोणत्या प्रकारचा हे दाखविणारे चित्रचिन्ह) जोडलेले आहे. इस्राएलच्या पुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि अनेकवचनाच्या तीन रेघा आहेत. म्हणजे लेखनिकाच्या दृष्टीने हा लोकसमूह होता. नगर किंवा राज्य नव्हते. चिन्हांच्या वापरात लेखनिक चुकला असेल, असा आक्षेप घेण्यात आला असला, तरी बहुसंख्य अभ्यासकांना तो मान्य नाही. हा एवढा भाग मोठा करून फळ्यावर काढला, की सहावीचे विद्यार्थी फरक स्वतःच हुडकून काढतात.

हा समूह आला कोठून, याबाबत तीन जुनी मते आहेत. डब्ल्यू. एफ. ऑलब्राइट यांनी ‘यहोशवा’ या ग्रंथातील वर्णनाशी जुळणारी लष्करी चढाई मानली. आल्ब्रेख्त आल्ट यांनी १९२५ मध्ये पशुपालकांचा हळूहळू झालेला शिरकाव सुचविला. जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९६२ मध्ये कनानी (त्या प्रदेशातील मूळच्या) शेतकऱ्यांच्या अंतर्गत उठावाची कल्पना मांडली. चढाईचे मत आता मागे पडले आहे. ‘यहोशवा’त जिंकल्याचे सांगितलेल्या नगरांपैकी हासोर येथे इ. स. पू. तेराव्या शतकातील विध्वंसाचा थर आहे खरा. पण कॅथलीन केन्यन यांच्या १९५२-५८ मधील उत्खननात यरिहो येथे त्या काळाची तटबंदी आढळली नाही आणि ‘आय’ हे नगर मानले जाणारे स्थळ तर त्यापूर्वी हजारावर वर्षे ओसाड होते. मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशाच्या पाहणीत इ. स. पू. १२०० नंतरच्या दोनशेंहून अधिक लहान वस्त्या आढळल्या. तेथील मडकी आणि घरे कनानी परंपरेपासून फारशी दूर नसल्याने, बराचसा समाज स्थानिकच असावा, हे मत सध्या अधिक ग्राह्य धरले जाते. डुकराच्या हाडांचा अभाव ही इस्राएली वस्तीची खूण, हे पाठ्यपुस्तकांचे आवडते विधान मात्र जपून वापरावे. त्या काळच्या काही कनानी गावांतही तीच स्थिती आहे, आणि पुढे उत्तरेच्या इस्राएल राज्यातील काही स्थळी ही हाडे लक्षणीय प्रमाणात मिळाली आहेत.

एकेश्वरवाद : यहुदी धर्म हा ‘पहिला एकेश्वरवादी धर्म’ असे वाक्य मानकांतही आहे. ते संपूर्ण चूक नसले, तरी ढोबळ आहे. ईजिप्तमध्ये आखेनातेन राजाने इ. स. पू. चौदाव्या शतकात एकट्या अतेन या सूर्यदेवतेची उपासना पुढे केली होती. पण ती त्याच्यामागे टिकली नाही. सिनाईतील कुंतिल्लत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये मिळालेल्या, इ. स. पू. ८०० च्या आसपासच्या लेखांत ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद आहेत. याहवे हे इस्राएलच्या देवाचे नाव. अशेरा ही देवी की पूजाचिन्ह, याविषयी मतभेद आहेत. इतर देवांचे अस्तित्वच स्पष्टपणे नाकारणारी भाषा ‘यशया’ ग्रंथाच्या ४० ते ५५ या अध्यायांत ठळक होते आणि हे अध्याय सर्वसाधारणपणे बॅबिलोनच्या बंदिवासाच्या (जेरूसलेम पडल्यावर यहुद्यांना बॅबिलोनियात नेले गेले त्या काळाच्या) अखेरीचे मानतात. विद्यार्थ्यांसमोर एकेश्वरवाद एका दिवशी अवतरलेला न मांडता काही शतकांत घडत गेलेला मांडणे अधिक योग्य.

जेरूसलेमचा पाडाव : बॅबिलोनी सैन्याने जेरूसलेम पाडले त्यासाठी पुस्तकांत इ. स. पू. ५८७ व ५८६ अशी दोन्ही वर्षे आढळतात आणि चौकस विद्यार्थी त्याचे कारण विचारतातच. नगर प्रथम शरण आले ती तिथी बॅबिलोनी इतिवृत्तात आहे : बॅबिलोनचा राजा नेबुकदनेझर याच्या सातव्या वर्षी अदार महिन्याची २, म्हणजे इ. स. पू. ५९७ चा मार्च. हे इतिवृत्त पुढे ५९४ च्या सुमारास तुटते. त्यामुळे अंतिम पाडावासाठी केवळ हिब्रू ग्रंथांवर भिस्त ठेवावी लागते. त्यांतही ‘२ राजे’ २५:८ मध्ये राजाचे एकोणिसावे वर्ष आहे, तर ‘यिर्मया’ ५२:२९ मध्ये अठरावे. राज्यारोहणाचे वर्ष मोजायचे की नाही, आणि वर्षारंभ वसंतात धरायचा की शरदात, यांवर उत्तर बदलते. ‘५८७/५८६’ असे लिहिणे उत्तम.

इराणी सम्राट सायरसने इ. स. पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेतल्यावर यहुदी परतले, याचा पुरावा म्हणून सायरसच्या मृत्तिकास्तंभिकेचे चित्र छापतात. तीत विस्थापित लोकांना व देवमूर्तींना स्वस्थानी धाडल्याचे सर्वसाधारण विधान आहे. जेरूसलेमचा किंवा यहुदी लोकांचा उल्लेख नाही.

तुलनात्मक वाचन : सुट्या कायद्यांची तुलना हा या वयोगटासाठी बहुधा सर्वांत फलदायी पाठ होय. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे उदाहरण घासून गुळगुळीत झाले आहे; शिंग मारणाऱ्या बैलाचे कलम त्याहून सरस ठरते. एका बैलाने दुसरा मारला, तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेले जनावर दोन्ही मालकांनी वाटून घ्यावे, असे मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगराच्या कायद्याचे ५३ वे कलम सांगते. ‘निर्गम’ २१:३५ मध्ये जवळजवळ तेच आहे. मारका म्हणून माहीत असलेल्या बैलाने माणूस मारला, की वाटा फुटतात. हम्मुराबीच्या २५१ व्या कलमात मालकाला अर्धा मिना (मिना म्हणजे ६० शेकेलचे वजन) चांदी दंड आहे. ‘निर्गम’ २१:२९ मध्ये बैलाला दगडांनी मारावे व मालकालाही देहान्त शिक्षा द्यावी, असे आहे. पुढच्याच वचनात खंडणी भरून सुटण्याची सोय आहे. गुलाम मेल्यास हम्मुराबीकडे एक तृतीयांश मिना, म्हणजे २० शेकेल. ‘निर्गम’मध्ये ३० शेकेल आणि बैलालाही दगडमार. कोणाच्या जिवाची किंमत कशी ठरते, ही चर्चा येथून आपोआप सुरू होते. कोणी कोणाची उसनवारी केली, हा प्रश्न शिक्षकाने फार ताणू नये. समान कायदेपरंपरा एवढे म्हणणे पुरे.

इ. स. ७० नंतर : मंदिर गेल्यावर यज्ञबळी थांबले आणि अध्ययन, प्रार्थना व सभास्थान यांना महत्त्व आले. वेढ्यातील जेरूसलेममधून योहानान बेन झक्काई शवपेटीत लपून बाहेर पडला आणि त्याने रोमन सेनापती व्हेस्पेझियनकडे याव्ने हे गाव आणि तेथील पंडित मागून घेतले, ही कथा तालमूद या यहुदी धर्मशास्त्रीय ग्रंथात आहे. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. हिब्रू धर्मग्रंथांची यादी याव्नेच्या परिषदेत मुक्रर झाली, हे एकोणिसाव्या शतकातील मत आता मागे पडले असले, तरी जुन्या पुस्तकांत ते अजून आढळते. इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना या मौखिक धर्मनियमांच्या संग्रहाचे संकलन झाले. त्यावरील चर्चांचा बॅबिलोनी तालमूद साधारण इ. स. ५०० नंतर आकाराला आला. तालमूदच्या छापील पानाची रचना वर्गात दाखविण्याजोगी आहे : मध्ये मूळ पाठ, बांधणीकडच्या बाजूला ‘राशी’ या मध्ययुगीन भाष्यकाराचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्याच्यानंतरच्या पंडितांच्या टिपा. ही मांडणी व्हेनिस येथे डॅनिएल बोंबर्गच्या सोळाव्या शतकातील आवृत्तीने रूढ केली. एखादा शालेय नियम कागदाच्या मधोमध लिहून भोवती मुलांनी आपापली भाष्ये व हरकती लिहाव्यात, असा स्वाध्याय त्यावरून करून घेता येतो.

कॅलिफोर्नियाच्या मानकांत यानंतर यहुदी समाज सातवीत मध्ययुगीन स्पेनच्या संदर्भात आणि दहावीत नाझी वंशसंहाराच्या संदर्भात येतो. मधली शतके बहुतांशी कोरी राहतात. इतर राज्यांत विषयाची विभागणी निरनिराळी आहे.

धर्मविधींची नक्कल, उदा., वर्गात वल्हांडणाचे (निर्गमनाच्या स्मरणार्थ असलेल्या सणाचे) भोजन मांडणे, सरकारी शाळांत टाळणे इष्ट मानले जाते. तोराची (धर्मग्रंथाची) गुंडाळी, मेनोरा (अनेक शाखांची दीपमाळ) यांची चित्रे किंवा संग्रहालयातील वस्तू दाखविण्यास हरकत नसते. वर्गातील यहुदी विद्यार्थ्याला ‘तुमच्यात काय करतात?’ असे विचारून सर्व समाजाचा प्रवक्ता बनवू नये. ऑर्थोडॉक्स, काँझर्व्हेटिव्ह व रिफॉर्म पंथांतील आचारभेद या इयत्तांत सहसा शिकविले जात नाहीत. त्यामुळे घरी वेगळा आचार पाहणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील वर्णन परके वाटण्याचा संभव असतो.