वारली चित्रं नक्की कुणाच्या मालकीची?

कपावर, बेडशीटवर, लग्नपत्रिकेवर, हॉटेलच्या भिंतीवर, हल्ली जिकडेतिकडे वारली चित्रं दिसतात आणि मग कुणीतरी विचारतंच की यातलं काही वारल्यांना मिळतं का हो. बहुतेक वेळा नाही मिळत. का मिळत नाही ते कळायला जरा मागे जावं लागेल.

मुळात हे चित्र विकण्यासाठी नव्हतंच. डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारल्यांच्या घरात लग्न निघालं की कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा, तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे आणि बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला ब्रश. मग सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, लिहितात, चित्र काढणं याला तिकडे लिहिणं म्हणतात. चौकाच्या मधे पालघट देवी, बाजूने झाडं, पक्षी, माणसं, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की ते चित्र तसंच राहतं भिंतीवर, चुलीच्या धुराने काळवंडतं, पावसाळ्यात पोपडे धरतं, पुढच्या लग्नाला परत नवीन. कोपऱ्यात कुणाची सही नसते.

सही नाही म्हणून मालकी नाही असं मात्र समजू नका, इथेच सगळा घोळ होतो. चौक कुणी लिहायचा, कधी लिहायचा, मधे कुठली देवी बसवायची हे सगळं ठरलेलं होतं. आपल्याकडे गावच्या पालखीचा मान असतो ना, तसं. मान विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पण तो असतो आणि सगळ्या गावाला माहीत असतो. चौक हा सवाशिणींचा मान होता.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी या पाड्यांवर गेले (आधी ते बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांकडेही गेले होते) आणि भिंतीवरचं कागदावर आलं. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. बायकांचं काम एका पुरुषाने हातात घेतलं, लग्न नसतानाही रोज काढायला लागला आणि काय ताकदीने काढलं त्यांनी, एका कागदावर मासेमारीचं अख्खं जाळं बारीक रेघांनी भरलेलं असायचं! १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला ते गेले. कागद आला तशी सही आली, सहीबरोबर किंमत आली आणि किंमत आल्यावर कॉपी पण आली.

आता कायद्याचं बघू. कॉपीराइट आला इंग्लंडमधून, १७१० च्या कायद्यातून. त्यात लेखकाला १४ वर्षं हक्क आणि तो जिवंत असला तर आणखी १४. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना तो हक्क कायमचा हवा होता, १७७४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने नाही म्हणून सांगितलं. म्हणजे लेखन ही खासगी मालमत्ता, पण ठरलेल्या मुदतीपुरती, नंतर सगळ्यांची, ही कल्पना तिथली. आपला कायदा १९५७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती, ती १९९२ ला ६० केली कारण रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली होती.

आता या कायद्यात चौक बसवून दाखवा. लेखक कोण? कुणीच एक नाही. मृत्यू कधी? परंपरेला मृत्यूची तारीख नसते. म्हसेंच्या एका विशिष्ट चित्राला कॉपीराइट आहे, पण दोन त्रिकोण टोकाला जोडून केलेल्या माणसाला नाही, तारपा (फुंकून वाजवायचं भोपळ्याचं लांब वाद्य) वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाला नाही. मग कायद्याच्या नजरेत हे सगळं मोकळं रान झालं. गायरानाचं जे होतं तेच, सातबाऱ्यावर कुणा एकाचं नाव नाही म्हणून जो येईल तो कुंपण घालतो. गायरान गावाचं असतं, कुणाचंच नसतं असं नाही, हे इतकं साधं आहे आणि तरी दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

मधला रस्ता निघाला तो जीआय टॅगचा, म्हणजे भौगोलिक मानांकन, एखाद्या भागातल्या खास वस्तूच्या नावावर तिथल्या लोकांचा सामाईक हक्क. जागतिक व्यापार संघटनेचे नियम आले, हळदीच्या अमेरिकन पेटंटवरून भांडण झालं, बासमतीचं झालं, मग १९९९ ला कायदा केला आणि तो २००३ ला लागू झाला. पहिला टॅग दार्जिलिंग चहाला. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये, डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर. या कायद्याचं कलम २४ मला फार आवडतं, त्यात हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लायसन्सवर देता येत नाही असं स्वच्छ लिहिलंय. मानासारखंच झालं की हे!

पण टॅग नावाला संरक्षण देतो, रेघेला नाही. ‘वारली पेंटिंग’ हे नाव कुणी खोटं लावलं तर पकडता येतं, नाव न लावता तीच माणसं बेडशीटवर छापली तर अवघड आहे.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण ताजं आहे. २०१९ ला टॅग महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन चर्मोद्योग महामंडळांना मिळून मिळाला, दोन्हीकडचे चार चार जिल्हे. जून २०२५ ला प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला आणल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. ओरड झाल्यावर भारतीय चपलांवरून घेतलंय हे मान्य केलं. मुंबई हायकोर्टात याचिका गेली ती कोर्टाने ऐकली नाही, कारण याचिका करणारे टॅगचे नोंदणीकृत मालक नव्हते. म्हणजे सामाईक मालकी मान्य, पण तिच्यासाठी भांडायला कागदावर नाव असलेला कुणीतरी उभा राहायला हवा. चप्पल शिवणारा एकटा माणूस कुठे जाणार?

माझ्याकडे एक बेडशीट आहे, दुकानातून आणलेली. तारप्याचा नाच छापलाय. खऱ्या नाचात तारपेवाल्याकडे कुणी पाठ करत नाही, सगळे एकमेकांना धरून त्याच्याभोवती गोल फिरतात. या बेडशीटवर छपाईचा जोड येतो तिथे गोल मधेच कापलाय, अर्धी माणसं शिवणीत गेलीत.