फोर-बाइट मोड वेगळा, फोर-बाइट ऑपकोड वेगळे

लिनक्सच्या एसपीआय-नॉर ड्रायव्हरमध्ये (बोर्डावरच्या छोट्या फ्लॅश मेमरी चिपा चालवणाऱ्या कोडमध्ये) नवी चिप घालणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, वाचताना एका वाक्यावर डोकं फिरतं: "चिप ३२ एमबीची आहे, फोर-बाइट ॲड्रेसिंग चालतं." चालतं, पण कुठल्या पद्धतीनं?

तीन बाइटांचा पत्ता १६ एमबीपर्यंतच पोचतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जायचे मुख्य रस्ते दोन. पहिल्यात चिपला बी७ कमांड देऊन (कमांड आणि पत्त्यांचे आकडे हेक्समधले) फोर-बाइट मोडमध्ये टाकायचं. मग नेहमीची ०३ रीड कमांडच चार बाइटांचा पत्ता मागू लागते. ई९ दिलं की मोड सुटतो. दुसऱ्यात चिपची अवस्था बदलतच नाही; प्रत्येक कामाला चार बाइटांचा पत्ता घेणारा वेगळा ऑपकोड, म्हणजे कमांडचा आकडा, वापरायचा. रीडला ०३ ऐवजी १३, पेज प्रोग्रामला (लिहायला) ०२ ऐवजी १२, ६४ केबीच्या इरेजला डी८ ऐवजी डीसी. वेगाचा फरक विसरा, नाहीच म्हणा ना.

खरी गोची बोर्ड रीसेट झाल्यावर होते. कित्येक बोर्डांवर प्रोसेसरच्या रीसेटचा फ्लॅशशी काही संबंधच नसतो. वॉचडॉगनं (सिस्टिम अडकली की रीसेट मारणाऱ्या टायमरनं) प्रोसेसर रीसेट केला, तरी चिपची पॉवर चालूच असते आणि ती फोर-बाइट मोडमध्येच बसून राहते. बूट रॉमला, म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरुवातीच्या पक्क्या कोडला, याची खबरच नाही. तो ०३ ०१ ०० ०० पाठवतो, म्हणजे ६४ केबीवरचा डेटा मागतो, आणि लगेच वाचायला लागतो. चिपच्या लेखी पत्ता अजून अर्धवटच आहे. पुढचे आठ क्लॉक ती चौथा बाइट म्हणून गिळते आणि मग थेट १६ एमबीच्या पलीकडचा डेटा देऊ लागते. रॉमनं वाचलेला पहिला बाइट तर निव्वळ कचरा. बोर्ड उठत नाही. प्लग काढून घातला की सगळं सुरळीत, म्हणून "हार्डवेअरचा लोचा" असा शेरा मारून प्रकरण बंद! या शेऱ्याची मला मनस्वी चीड आहे.

डिव्हाइस ट्रीत (कर्नलला बोर्डाचं हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलीत) "ब्रोकन-फ्लॅश-रीसेट" लिहिलं की कर्नल शटडाउनच्या वेळी ई९ पाठवतो. पण वॉचडॉग कसला शटडाउनसाठी थांबतोय? कर्नल स्वतःच बूट होताना याला "रीसेट हॅक" म्हणून वॉर्निंग देतो.

तेव्हा चिपला स्वतंत्र ऑपकोड येत असतील तर तेच वापरायचे, यावर माझ्याकडून वाद नाही. चिपच्या एसएफडीपीमध्ये (चिपमध्येच साठवलेल्या तिच्या माहितीच्या टेबलांमध्ये) फोर-बाइट कमांडचं टेबल असेल तर ड्रायव्हर ते आपणहून उचलतो. ते नसेल आणि डेटाशीटमध्ये ऑपकोड दिलेले असतील, तरच ड्रायव्हरच्या यादीत चिपच्या ओळीला तसा फ्लॅग लावा. शेजारच्या ओळीवरून कॉपी मारू नका. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू२५६ मध्ये जेव्ही या आवृत्तीला हे ऑपकोड येतात, एफव्हीला नाहीत, आणि दोघींचा आयडी एकच: ईएफ ४० १९. ड्रायव्हरला बिचाऱ्याला एसएफडीपीची आवृत्ती बघून ओळख पटवावी लागते. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ च्या ई आणि एफमध्येही हीच रड.

पॅचसोबत एसएफडीपीचा डंप द्या. आणि टेस्ट प्लग काढून करू नका. १६ एमबीच्या पुढे काहीतरी लिहा, वॉचडॉग उडू द्या आणि बोर्ड आपला आपण उठतो का ते बघा.