घाटावर-घाटाखाली

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आणि तेथील लोक ओळखण्यासाठी बोलीत रूढ असलेली शब्दजोडी. घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही घाटावरची. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखालची. कोकणात ‘घाटावरचा’ म्हटले की देशावरचा माणूस समजतात; येथे सह्याद्रीचा संबंध नाही.

जुन्या कागदपत्रांत हेच विभाग बालाघाट व पयनघाट (पाईनघाट) या नावांनी येतात. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा, ‘पाईन’ म्हणजे खालचा. नावे केवळ वऱ्हाडची नव्हेत; कर्नाटकातही बालाघाट-पयनघाट अशी विभागणी होती. मोगल दख्खनच्या कारभारात ती साधारणपणे शहाजहानच्या काळी, १६३०च्या दशकात ठळक झालेली दिसते, मात्र लोकांच्या तोंडी ‘घाटाखाली’ त्याआधीपासून नसेलच असे म्हणता येत नाही. नामसाम्यावरून पयनघाटाचा संबंध पैनगंगेशी जोडण्याचा मोह होतो. भूगोल त्याला अनुकूल नाही. पैनगंगा बुलडाण्याजवळच्या डोंगरात उगम पावून मेहकरवरून, म्हणजे घाटावरूनच, पुढे जाते. पयनघाट हे पूर्णेचे खोरे होय. फारसी व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजी अमदानीतील लेखकांनी वऱ्हाडचे मेळघाट, पयनघाट व बालाघाट असे तीन नैसर्गिक भाग मानले. त्या हिशेबाने वाशीम-यवतमाळचे पठारही बालाघाटात पडते, परंतु ‘तुम्ही घाटावरचे का खालचे?’ हा प्रश्न खास बुलडाणा जिल्ह्याचा.

पूर्णाकाठची जमीन खोल, काळी, गाळाची, कापसाला उत्तम. वर बेसाल्टचे पठार असून माती पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. खालच्या सुपीकतेला खाऱ्या भूजलाची बाजूही आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना बुलडाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. काळी कसदार असूनही विहिरीचे पाणी पिण्याला आणि ओलिताला चालत नाही, अशी तेथील कित्येक गावांची स्थिती.

भुसावळ-नागपूर लोहमार्ग (नागपूरपर्यंत १८६७) सपाटीने, मलकापूर-नांदुरा-शेगाववरून गेला. जलंबहून खामगावला फाटाही निघाला. जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलडाणा मात्र घाटावर, रेल्वेविना राहिले. मलकापूरहून तेथे राजूर घाटाने, तर खामगावहून बोथा घाटाने चढावे लागते.

खाली वऱ्हाडी बोली (‘मले’, ‘तुले’, ‘ळ’चा ‘य’, जसे डोळा-डोया) ठसठशीत आहे, देऊळगावराजाकडे बोलण्याला मराठवाडी वळण येते. सोयरिकीच्या बोलण्यात आणि निवडणुकीतील उमेदवारीच्या चर्चेत ही जोडी आजही सर्रास वापरली जाते. बालाघाट व पयनघाट हे शब्द मात्र बोलण्यातून गेले आहेत.