ग्रेट रेस, द
ग्रेट रेस, द : अमेरिकन विनोदी चित्रपट (१९६५). दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स, पटकथा आर्थर रॉस, संगीत हेन्री मॅन्सिनी, वितरण वॉर्नर ब्रदर्स, लांबी सु. १६० मिनिटे. प्रमुख भूमिका जॅक लेमन, टोनी कर्टिस, नॅटली वुड आणि पीटर फॉक यांच्या. सु. १ कोटी २० लाख डॉलर खर्चाचा हा चित्रपट त्या वेळचा सर्वांत महागडा विनोदपट मानला गेला. आरंभीच्या अर्पणपत्रिकेत लॉरेल आणि हार्डी या जुन्या विनोदी नटजोडीची नावे आहेत. हार्डी १९५७ मध्येच वारले होते. लॉरेल यांचे निधन चित्रपट झळकण्याच्या चारेक महिने आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये झाले.

न्यूयॉर्क ते पॅरिस मोटारशर्यतीत पांढऱ्याशुभ्र पोशाखातला नायक लेस्ली (कर्टिस) आणि काळ्या कपड्यांतला खलनायक प्रोफेसर फेट (लेमन) एकमेकांसमोर उभे ठाकतात, एवढेच कथानक. त्याला आधार १९०८ च्या प्रत्यक्ष शर्यतीचा आहे. १२ फेब्रुवारी रोजी टाइम्स स्क्वेअरहून सहा मोटारी निघाल्या. जर्मन प्रोटोस २६ जुलैला पॅरिसला आधी पोहोचली. पण काही टप्पा रेल्वेने पार केल्याने व अमेरिकन संघाला अलास्काच्या फेरीबद्दल सवलत मिळाल्याने ती मागे पडली, आणि ३० जुलैला आलेली अमेरिकन टॉमस फ्लायर विजयी ठरली. आधी पोहोचलेला जिंकत नाही, हा योग चित्रपटाच्या शेवटीही आढळतो : आयफेल मनोऱ्याजवळ नायिकेसाठी लेस्ली मुद्दाम थांबतो, आणि असा विजय नको म्हणून फेट चिडतो. एडवर्ड्स यांनी हे इतिहासावरून घेतले असे म्हणण्यास मात्र आधार नाही.

उसनवारीची व्याप्ती मोठी आहे. कार्पेनिया या काल्पनिक राज्याचे प्रकरण, हुबेहूब फेटसारखा दिसणारा राजपुत्र (तोही लेमनच) आणि तलवारबाजी हे सारे ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ या कादंबरीवरून आले आहे. बाकी मूकपटांचे देणे आहे. त्यातला सर्वांत गाजलेला आणि सर्वाधिक वादाचा भाग म्हणजे राजवाड्याच्या भटारखान्यातील पाईफेक.

पाई म्हणजे मैद्याच्या भाजलेल्या पारीत फळांचे वा कस्टर्डचे सारण भरून केलेला गोड पदार्थ. पडद्यावर तो प्रथम कुणाच्या तोंडावर बसला, याविषयी एकमत नाही. विनोदी मूकपटांचे निर्माते मॅक सेनेट यांनी आत्मचरित्रात (१९५४) या प्रकाराचे श्रेय अभिनेत्री मेबल नॉर्मंड यांना दिले असून पाई विनोदी नट बेन टर्पिन यांच्या तोंडावर बसल्याचे सांगितले आहे. परंतु टर्पिन सेनेट यांच्याकडे १९१७ च्या सुमारास आले, आणि नॉर्मंड यांची पाई नट रॉस्को आरबकल यांना लागते तो ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’ १९१३ चा आहे. त्यामुळे ही हकीकत उत्तरकाळी रंगवलेली असावी. ‘मिस्टर फ्लिप’ (१९०९) या एसाने कंपनीच्या लघुपटात टर्पिन यांच्याच तोंडावर पाई बसते. आज अनेक अभ्यासक याच चित्रपटाला अग्रमान देतात व ते अधिक सयुक्तिक दिसते. रंगमंचावरील पूर्वपरंपरा यापेक्षा जुनी असणे शक्य आहे.

एडवर्ड्स यांचा थेट आदर्श मात्र हे आरंभीचे चित्रपट नसून लॉरेल-हार्डी यांचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) होय. त्यात वापरलेल्या पाईंची संख्या साधारणतः ३,००० सांगितली जाते. इतर आकडेही आढळतात. या चित्रपटाचे दुसरे रीळ दीर्घकाळ अपूर्णच उपलब्ध होते. ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ (१९५७) या संकलनपटात त्यातला तुकडा होता. पूर्ण रीळ २०१५ मध्ये सापडले. एडवर्ड्स यांच्यासमोर १९६५ साली बहुधा तो तुकडाच असावा.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की नव्या चित्रपटाचे उणेपण लख्ख दिसते. १९२७ मध्ये केळीच्या सालीवरून पाईवाला घसरतो, मग एकाचा नेम चुकून पाई तिऱ्हाइताला लागते. तो तिऱ्हाईत थांबतो, डोळे पुसतो, विचार करतो, आणि मगच पाईच्या गाडीकडे हात नेतो. अभिनेत्री अनिता गार्विन यांचा क्षण तर विसरता येत नाही : त्या घसरून नकळत पाईवर बसतात, उठतात, आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने एक पाय हलकेच झटकत निघून जातात. हसू येते ते त्या सभ्यतेमुळे, त्या थांबण्यामुळे. १९६५ मध्ये सु. ४,००० पाई पाच दिवस उडवल्या गेल्या, रास्पबेरीपासून लिंबापर्यंत नाना रंगांच्या. पण थांबायला कुणाला सवडच नाही. एकच धागा जुन्या जातकुळीचा आहे : चोहोबाजूंनी मारा चालू असताना लेस्ली डाग न लागता चालत राहतो आणि प्रेक्षक त्याच्या पांढऱ्या कोटावर नजर लावून बसतो. तेवढ्यापुरता प्रसंग जिवंत होतो.

विस्तार हाच या चित्रपटाचा मुख्य दोष आहे. जी गंमत दोन रिळांत, म्हणजे वीसेक मिनिटांत पुरत असे, ती इथे मध्यांतरासह अडीच तासांवर ताणली आहे. दारूच्या गुत्त्यातील हाणामारी ठरलेल्या वळणाने जाते. लेमन यांचा आरडाओरडा दुहेरी भूमिकेमुळे दुप्पट होतो. संयम राखला तिथे एडवर्ड्स उत्तम आहेत. हिमखंडावर अडकलेले प्रवासी तो वितळतोय हे शांतपणे न्याहाळतात, तो प्रसंग असा आहे. कार्पेनियातला खलनायक बॅरन रुबाबात खिडकीतून होडीत उडी टाकतो आणि तिचा तळ फोडून थेट पाण्यात जातो, हीदेखील अस्सल मूकपटाच्या मापाची गंमत.

समीक्षकांचे मत विभागलेले राहिले. मॉस्को महोत्सवात रौप्य पारितोषिक आणि ध्वनिपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. ऑस्करचे मानकरी ट्रेग ब्राउन हे वॉर्नरच्या व्यंगचित्रपटांचे ध्वनिसंकलक होते. ‘वॅकी रेसेस’ (१९६८) या दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकेतील खलनायक डिक डास्टर्डली हा फेटचाच वारस मानला जातो.